एका पाकिटाचे सहा वाटे

पातूरच्या सहा बायका मिळून कुरडया करतात. माझी आत्या पंचफुला त्यांतली एक. मी अमरावतीत एम.एस्सी. करून नोकरी शोधते आहे, म्हणून ऑनलाइन विक्रीचं काम माझ्याकडे. त्यांची अट एकच होती: प्रत्येकीचा वाटा थेट तिच्याच बँकखात्यात गेला पाहिजे. आधीच्या गटाचे पैसे अध्यक्षबाईच्या नवऱ्याच्या खात्यात जमा व्हायचे, आणि तिथेच राहायचे.

साइटवर तशी सोय होती. पाकीट विकलं की कमिशन कापून उरलेले दोनशे चाळीस रुपये आपोआप सहा खात्यांत जात. पण मी पातूरला गेले तेव्हा सहांतल्या जमुनाकाकूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "चाळीस यायले पाहिजे, अन् चौतीस येऊन राहिले. काहून वं?"

मी शोधलं. पैसे पोचवणारी कंपनी प्रत्येक पाठवणीमागे पाच रुपये आणि वर जीएसटी घेते. रक्कम चाळीस असो की चाळीस हजार, कापणार पाच रुपये नव्वद पैसेच. फ्रिज विकणाऱ्याला ते जाणवतही नाहीत. आमच्या एका पाकिटामागे सहा पाठवण्या, म्हणजे जवळजवळ पंधरा टक्के गेले. वर दरपत्रकाचा मथळा होता, 'छोट्या विक्रेत्यांना परवडणारे'.

हेल्पलाइनला म्हटलं, आठवड्याचे पैसे एकदम पाठवा. ती सोय फक्त मोठ्या विक्रेत्यांना होती.

"एकच खातं द्या ना मॅडम," तिकडचा मुलगा म्हणाला. "स्वस्त पडेल."

फोन स्पीकरवर होता, आणि आम्हाला गहू देणारे दुकानदार महादेवराव आत्याकडे चहाला बसले होते. "बरोबर बोलून राहिला तो. माह्या खात्यात येऊ द्या. बाजाराच्या दिवशी वाटून देईन."

"तुमी भले मानूस हा, भाऊ," आत्या म्हणाली. "पन मागचा बी भलाच होता."

महादेवराव चहा संपवून उठले. पण तोटा तसाच होता. दोघी म्हणाल्या, ऑनलाइन बंदच करू.

"नाई तं मंग भिशी लावा," जमुनाकाकू चिडून म्हणाल्या. "एका पाकिटाचे सगळे पैसे एकीलेच देऊन टाका."

त्यांनी टोमणा मारला होता. मी मात्र लगेच लॅपटॉप उघडला. एका नावाने सहा वाटे करण्यापेक्षा सहा नावांनी सहा पाकिटं साइटवर टाकली. जिची पाळी तिचंच पाकीट दिसणार. ते विकलं की पुढचीचं. पैसे एकाच खात्यात, एकदाच जाणार. सहा पाकिटं विकली की सगळ्या सारख्या.

भिशीसारख्याच चिठ्ठ्या टाकल्या. पहिली पाळी केशरबाईंची, सगळ्यांत वयस्कर. पैसे आल्याचा मेसेज त्यांनी मला वाचायला लावला. दोनशे चौतीस रुपये दहा पैसे.

"अन् बाकीचे?"

"पैसे पोचवणाऱ्याने घेतले, आजी."

"आता बी?" केशरबाईंनी मोबाइल पदराला पुसला. "पायी घेऊन आला का बापा तो?"