कडू तीर्थाचा लोटा

१९६३ सालचा चैत्र. लोणारच्या वाटेवरच्या एका गावात, बाजाराच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लोहबाबा खिळ्यावरून पाप ओळखत होते!

“लोखंड झूट बोलत नाही, माय! सतीचा खिळा शांत, पापिणीचा खिळा रडते!” असं म्हणत बाबांनी पेल्यातल्या ‘अग्निजळा’त पळीभर तीर्थ ओतलं, खिळा सोडला. शालूबाईचा खिळा निवांत पडून राहिला. पुष्पाबाईचाही. मग विमलची पाळी आली.

तिच्या सासूच्या, मनकर्णाबाईच्या, दोन म्हशी लागोपाठ मेल्या होत्या. सुनेची नजर वाईट, असं घरात महिनाभर चाललं होतं, आणि ते बाबांच्या कानावरही गेलं होतं. विमलचा खिळा पडला न पडला तोच पेला फसफसला.

“चाळीस दिवस माझ्या मठात. एकटी!” बाबांनी निवाडा दिला.

सासूनं तिच्या कडेवरची पाच महिन्यांची पोरगी ओढून घेतली. मागे बायांची भिंत, पुढे बाबांचे चेले. विमलनं नवऱ्याकडे पाहिलं. “तुमी तरी बोला ना!” किसनराव स्वतःच्या वहाणांकडे बघत राहिला.

आणि तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, मघापासून येणारा कडुनिंबाचा वास तिच्या पेल्याला नव्हता. बाकीच्यांचं तीर्थ तांब्याच्या लोट्यातलं, तिचं पितळेच्या.

“माह्या पेल्यात त्या लोट्यातलं काऊन नाही टाकलं?”

“पापिणीनं लोट्याले शिवू नये!” बाबा कडाडले. चेल्यानं तिचा हात धरला. तिनं हिसडा दिला, तांब्याच्या लोट्यातलं पळीभर आपल्या पेल्यात ओतलं. फसफस हळूहळू मंदावली. एखाददुसरा बुडबुडा उरला.

शाळेचे अर्जुनराव गुरुजी पुढे आले. ताज्या पेल्यात त्यांनी पितळेच्या लोट्यातलं ओतलं. “बाबा, आता तुमच्या नावाचा खिळा.”

बाबांचा खिळाही रडू लागला!

“हे अग्निजळ म्हंजे सोनाराचं तेजाब, आम्ल हाय,” गुरुजी म्हणाले. “लोखंड खाते. तांब्याच्या लोट्यातल्या कडुनिंबाच्या काढ्याचा पातळ थर खिळ्यावर बसला, का त्याचं खाणं मंदावते. पितळेच्या लोट्यात नुसतं रंगाचं पाणी. अन् मनकर्णाबाई, म्हशी ढोराच्या डॉक्टरले काऊन नाही दाखवल्या?”

सासूनं पोरगी दुसऱ्या कडेवर घेतली. बाबा मात्र झोळी आवरून एसटीच्या थांब्याकडे निघाले होते.

“चाल घरी,” एवढंच म्हणून सासूनं पोरगी परत दिली. चुकलो, असं कोणीच म्हटलं नाही. विमल त्याच माणसांमागून त्याच घरी गेली. दुसरं घर तिला नव्हतं.

लोकहो, चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच म्हणा, “आता हेच माझ्या हातानं करू द्या.” तो नाही म्हणाला, की समजायचं ते समजा.