गाडी ठीक आहे

स्टीलच्या ताटलीत एका माणसाची खालची दाढ, मुळांसकट.

*

डेपोतलं तक्रार-पुस्तक. गाडी ४१८. सात महिने रोज संध्याकाळी तीच नोंद, त्याच वळणदार अक्षरात: गाडी ठीक आहे.

*

जुन्या पडद्याची शिवलेली फुलाफुलांची उशी. ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायची.

*

उतारावर टायरच्या काळ्या खुणा. आधी सरळ, मग एकदम डावीकडे.

*

बसथांब्यावर तिघं. रात्रपाळी संपवून घरी निघालेली नर्स, चष्मा बदलायला निघालेला शिंपी, आणि परीक्षेच्या पेपरच्या आधी वहीचं शेवटचं पान वाचणारी मुलगी.

*

डेपोत त्याला ‘इस्त्री’ म्हणत. एकवीस वर्षं बस चालवली, पण शर्टाची घडी कधी मोडली नाही. सात महिन्यांपासून ४१८ त्याच्याकडे होती आणि त्याच्या हातात छान बसली होती. खोड एकच. जोरात ब्रेक मारला की डावीकडे ओढायची. इस्त्रीने त्यावर इलाज काढला होता. पाय ब्रेकवर जायच्या आधी हात स्टीअरिंग किंचित उजवीकडे धरायचा. पुढे पुढे तर हातालाच सवय झाली. प्रवाशांना पत्ता लागत नसे, आणि खरं सांगायचं तर त्यालाही.

पुस्तकात का लिहिलं नाही? ब्रेकचा जुना फिटर निवृत्त झाल्यापासून वर्कशॉपला दिलेली गाडी तीन तीन आठवडे अडकायची आणि सुटली की भलत्याच्याच नावावर लागायची. मग तुमच्या वाट्याला कुठला तरी खटारा. म्हणून जो तो आपल्या गाडीच्या खोडी झाकून ठेवी आणि कागदावर ठीक म्हणे. आपण रजेवर असलो की गाडी नेणाऱ्याला तेवढं तोंडी सांगायचं. हे मात्र कुणी चुकवत नसे.

त्या सकाळी त्याचा गाल टम्म सुजला होता. रजेची चिठ्ठी देऊन तो खिडकीपासून वळला, तर समोर ‘पाहुणा’. हा बदली ड्रायव्हर. स्वतःची गाडी नाही, रोज दुसऱ्याची चालवायची, म्हणून पाहुणा.

“आज मुक्काम कुणाकडे, पाहुणे?” हजेरीच्या बाबूने विचारलं.

“इस्त्रीदादांकडे. मोठं घर आहे, पाय पुसून जावं लागेल!” मग तो इस्त्रीकडे वळला. “काय दादा, गाडीबाईंचा स्वभाव कसा? काही सांभाळायचंय का?”

इस्त्रीने गालावर रुमाल दाबला होता. तोंड उघडलं की कानापर्यंत कळ जायची. त्याने मान हलवली. काही नाही.

“तुमच्या उशीवर बसू ना?”

इस्त्रीने हातानेच सांगितलं, बस.

पावणेदहाला उतारावर एक स्कूटर आडवी आली. पाहुण्याने ब्रेक दाबला. स्कूटरवाला वाचला. बस डावीकडे गेली आणि थांब्यावरच्या तिघांना घेऊन भिंतीवर आदळली. पाहुणाही जागीच गेला.

इस्त्रीला फोन आला तेव्हा त्याच्या तोंडात कापूस होता. तो नुसता “अं” म्हणाला.

*

गाडीचा पुढचा भाग इतका चेपला होता की ब्रेकबद्दल काही कळेना. चौकशीवाल्या बाईंनी पुस्तक उघडलं.

“सात महिने गाडी ठीक. म्हणजे वेग जास्त असणार. तुमचं काय म्हणणं?”

“पुस्तकात आहे तेच,” इस्त्री म्हणाला आणि घरी आला.

“अहो, तुम्ही तर रजेवर होतात,” बायको म्हणाली. “तुमचा काय संबंध?”

“त्याने विचारलं होतं मला.”

“दाढ ठणकत होती तुमची. अशात कुणाला सुचतं का?”

“सुचलं होतं.”

बायकोने पोळपाट बाजूला सारला. “काय सुचलं होतं?”

“ओढते, एवढंच सांगायचं होतं. म्हटलं, त्याचं त्याला कळेल.”

तिने पोळपाट परत पुढे ओढला. त्याला वाटत होतं, तिने भांडावं.

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. व्हरांड्यातल्या बाकावर पाहुण्याची थोरली बहीण बसली होती. शिपायाला सांगत होती, “वेग म्हणे! अहो, हा आमचा जिनासुद्धा कठडा धरून उतरायचा. हसायचो आम्ही त्याला.”

इस्त्री तिच्यासमोरून मान खाली घालून आत गेला आणि त्याने सगळं सांगितलं. ओढणं, पुस्तक, रुमाल. बाईंनी पेन थांबवलं.

“हे लिहून घेतलं तर नोकरी जाईल. पोलीसही येतील. कळतंय ना?”

“लिहा.”

“पण बोलला का नाहीत?”

“दुखत होतं,” तो म्हणाला. चार मेलेल्या माणसांपुढे तो शब्द इतका केविलवाणा वाटला की त्याने दुसरा शोधून पाहिला. सापडला नाही.

सही करून तो बाहेर आला आणि बाकासमोर उभा राहिला. “ताई, तुमचा भाऊ वेगात नव्हता. गाडीत दोष होता. मला माहीत होता. त्याने मला विचारलं होतं.”

“मग काय म्हणालात?”

“काही म्हणालो नाही. मान हलवली.”

तिने विचारलं, “कशी?”

त्याला वाटलं, ऐकू आलं नसेल.

“कशी हलवलीत? दाखवा.”

शिपाई दुसरीकडे बघू लागला. इस्त्रीने मान हलवली. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

“एवढीच?”

“एवढीच.”

*

ब्रेकचा नवा फिटर अपघाताच्या सहा दिवस आधी वर्कशॉपात रुजू झाला होता आणि हाताला काम नाही म्हणून उभ्या गाड्यांचे आरसे पुसत होता.