पाकोळी म्हणजे फुलपाखरू नव्हे

मी एक जुनी पाकोळी आहे. मित्रांनो, हे नाव वाचून तुमच्या डोळ्यांसमोर रंगीत पंख आले असतील, तर ते आधी पुसून टाका. आमच्या भागात, म्हणजे विरारच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीत, लहान वटवाघळाला पाकोळी म्हणतात. मी काळपट आहे, माझं नाक चपटं आहे, कान अंगाच्या मानाने मोठे आहेत आणि दिवसभर मी उलटी लटकते. लोक म्हणतात, ही जातच उलट्या काळजाची. जन्मभर उलटं लटकल्यावर काळीज सुलटं राहील कसं? मी डूख धरते. ही गोष्ट मी माफी मागण्यासाठी सांगत नाही आणि कुणाला माफ करण्यासाठी तर मुळीच नाही.

माझा जन्म पाकोळ्यांच्या गुंफेतला. गुंफेचं तोंड चांगलं रुंद आहे. आत थोडं वाकून गेलं की एक दालन लागतं. तिथे वारा पोहोचत नाही, म्हणून ऊब टिकते. चैत्रात आम्ही माद्या कुठून कुठून तिथे जमतो आणि वैशाखात बाळंत होतो. आम्हाला वर्षाला एकच पिल्लू होतं. दिवेलागणीला आई खायला बाहेर पडते, तेव्हा सगळी पिल्लं भिंतीवर एकमेकांना बिलगून राहतात. परत आलेली आई त्या गर्दीतून आपल्या पिल्लाचा आवाज बरोबर ओळखते. मीही अशीच वाढले आणि पुढे माझी पिल्लंही त्याच भिंतीवर वाढली.

आम्ही ऐतखाऊ नाही. पावसाळ्यात खालच्या गावातल्या भातावर तुडतुडे पडतात, ते आम्ही खातो. डास खातो. आमच्या लेंड्यांचं खत तर असं की त्यावर वाल आणि भेंडी नुसती माजते. गावातली द्वारका नावाची शेतकरीण दिवाळीनंतर, दालन रिकामं असताना, हे खत न्यायला यायची. चपला बाहेर काढायची आणि म्हणायची, "आयांनो, तुमचं खत नेते गो. रागावू नका." आम्ही कशाला रागावू? आपलं नाव कोणी आदराने घेतलं की वाघळालाही बरं वाटतं.

डोंगराचा तो तुकडा गॉडफ्रेच्या मालकीचा. हा वसईकडचा बागायतदार. त्याचे वडील आमच्या खताची पोती केळीच्या वाडीला नेत. गॉडफ्रेला वाडीत रस उरला नव्हता. एकदा आश्विनात तो एका जोडप्याला घेऊन वर आला. मनवेलपाड्यात फ्लॅट असलेला, मुंबईतली नोकरी सोडून आलेला प्रल्हाद आणि त्याची बायको सुहासिनी. तिला मी सुहासिनीबाई म्हणते. त्याच्या नावापुढे राव लावायला माझी जीभ वळत नाही.

त्या दिवसांत गुंफेत आमच्यातल्या चार-दोन म्हाताऱ्याच होत्या, त्यांत मी एक. बाहेर खुळखुळ्याच्या झुडपांवर मात्र निळ्या-काळ्या फुलपाखरांचे थवेच्या थवे बसले होते. सुहासिनीबाई हरखून गेल्या.

"या जागेचं नाव काय हो?" त्यांनी विचारलं.

"पाकोळ्यांची गुंफा, मॅडम," गॉडफ्रे म्हणाला. "उन्हाळ्यात या. हजारो असतात. दिवेलागणीला बाहेर पडतात, बघत राहाल."

"अहो, ऐकलंत का? माझ्या आजोळी फुलपाखराला पाकोळीच म्हणतात! फुलपाखरांची गुहा!"

गॉडफ्रेने काही सांगायला तोंड उघडलं. पण प्रल्हाद तोवर "घेतली! ही जागा घेतलीच!" असं म्हणाला होता. गॉडफ्रेने तोंड मिटून घेतलं.

मग आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला. 'पाकोळी केव्ह रिसॉर्ट – गुहादर्शन, भोजन, मुक्काम' अशी भली मोठी पाटी लागली. उतारावर राहायच्या खोल्या उठल्या. गुंफेच्या तोंडाशीच पत्र्याचं छप्पर घालून जेवणाचा हॉल केला. आत गुळगुळीत लाद्या बसवल्या, गुलाबी आणि निळे दिवे लावले, आणि जिथे माझी आई लटकत असे त्या दगडावर ऑइलपेंटने फुलपाखरं काढली. द्वारका आता तिथे भाकऱ्या करायला लागली होती. ती चित्रं बघून ती पेंटरला म्हणाली, "पाकोळ्या बऱ्या काढल्यास, पन कान काढायचे राहिले रे बाबा." पेंटर हसला. ही बाई थट्टा करते आहे असं त्याला वाटलं. द्वारकेला वाटलं, पेंटरला चित्रकला येत नाही.

चैत्रात आम्ही साऱ्या आलो. दिवे, लाद्या, रंगाचा वास. तरी जायचं कुठे? पोटात पिल्लं होती. आम्ही अगदी आतल्या दालनात, छताच्या खोबणीत दाटीने लटकलो आणि तिथेच बाळंत झालो. माझं पिल्लू उशिराचं, म्हातारपणातलं. त्याचे डोळेही नीट उघडले नव्हते.

एक दिवस भर दुपारी प्रल्हाद बॅटरी घेऊन आत आला आणि ओरडतच बाहेर पळाला. "शी! वटवाघळं शिरलीत! मे महिन्याच्या सुट्टीत उद्घाटन आहे. फुलपाखरं यायच्या आत हाकला यांना. धूर करा!"

द्वारका हाताचं पीठ न धुताच धावत आली. "शेट, आत बाळंतिनी हायत. आता नको. आखाडात त्या आपल्या आपन जातील. आनि पाटीवर ज्यांचं नाव लावलंय, त्यांनाच धूर घालता?"

प्रल्हादला यातलं काही कळलं नाही आणि कळून घ्यायला तो थांबलाही नाही. ओला पेंढा आणि सुक्या मिरच्या पेटवल्या गेल्या. धूर आत आला. मी पिल्लाला छातीशी धरून उडाले. डोळ्यांची आग होत होती, कान भणाणले होते. नव्याने ओढलेल्या दिव्यांच्या वायरीला माझा पंख अडकला. मी सुटले, पण माझं पिल्लू सुटून खाली गेलं. खाली पूर्वी मऊ खत असायचं, आता लाद्या होत्या. त्याची एकच हाक मला ऐकू आली. मग खराट्याचा आवाज ऐकू आला. माझं पिल्लू मेलं, आणि आणखीही पुष्कळांची मेली.

धूर विरल्यावर ज्यांची पिल्लं वाचली त्या त्यांना घेऊन पुन्हा आतल्या दालनात गेल्या. गुंफेच्या तोंडाकडे फिरकायचं सोडून छतातल्या चिरेतून गुपचूप ये-जा करू लागल्या. प्रल्हादला वाटलं, ब्याद गेली. सगळ्या मला म्हणाल्या, पिल्लं उडायला लागली की दुसरा डोंगर शोधू, आता गप्प राहा. मी गप्प राहिले. पण जात्या जिवाला मी वचन दिलं होतं की हा माणूस ज्या दिवशी सर्वांत खूश असेल, तोच दिवस मी निवडीन.

तो दिवस आला. आचोळ्यापासून मनवेलपाड्यापर्यंतचे पाहुणे जमले. लहान मुलांना पुठ्ठ्याचे रंगीत पंख बांधले होते. भुजिंगच्या, म्हणजे भाजल्या कोंबडीच्या पोह्यांच्या, पराती आल्या, पाचूबंदरहून आणलेले बोंबील तळले जात होते. डोक्याला केशरी फेटा बांधून प्रल्हाद या टेबलावरून त्या टेबलाकडे मिरवत होता. प्रमुख पाहुणा होता गॉडफ्रे. सूर्य बुडायला आला तसा तो आपल्या बायकोला हळूच म्हणाला, "उर्सुला, तुझी खुर्ची जरा हॉलच्या बाहेर घे." माझ्या कानांतून काही सुटत नाही.

सुहासिनीबाईंनी माईक घेतला. "आता आपण दिवे मालवणार आहोत. सगळ्यांनी शांत बसा. आपल्या लाडक्या पाकोळ्या आता बाहेर येतील!"

दिवे गेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी चिरेकडे जाणाऱ्या मैत्रिणींच्या आडवी गेले आणि हाक दिली, 'आज पुढच्या दारानं!'

मित्रांनो, आम्ही आलो. एक नाही, दहा नाही, गुंफेच्या तोंडातून काळा लोंढाच बाहेर पडला. पत्र्याखाली एकच गलका झाला. "वटवाघळं! कोरोना, कोरोना!" असं ओरडत बायामाणसं टेबलांखाली शिरली. भुजिंगची परात उपडी झाली. मुलं तेवढी आनंदाने नाचत होती. मी मात्र इकडेतिकडे पाहिलं नाही. नेमकी प्रल्हादच्या फेट्यावर उतरले, नखं रोवली आणि त्याच्या कानात माझ्या पिल्लाची ती शेवटची हाक मारली. तो गरागरा फिरला, फेटा सुटला, आणि तो आपल्याच फेट्यात पाय अडकून आडवा पडला. मला हसू आलं नाही. पण बरं वाटलं. फार बरं वाटलं.

पांगापांग झाल्यावर तो गॉडफ्रेवर धावून गेला. "तुम्ही फसवलंत! फुलपाखरं म्हणाला होतात!"

"मी पाकोळ्या म्हणालो होतो, साहेब. फुलपाखरं तुम्ही म्हणालात," गॉडफ्रे म्हणाला आणि उर्सुलाचा हात धरून गाडीकडे गेला.

दुसऱ्या दिवसापर्यंत त्या गोंधळाचे व्हिडिओ सगळ्या वसई-विरारभर फिरले. ज्यांनी खोल्या ठरवल्या होत्या त्यांनी नको म्हणून कळवलं. प्रल्हाद पाचूबंदरला गेला आणि मासे धरायचं जुनं जाळं घेऊन आला. वर चढून त्याने छतातली चीर शोधली आणि बोळे कोंबून बुजवली. संध्याकाळी आम्ही पुढच्या तोंडाने खायला बाहेर पडेपर्यंत तो झाडाआड थांबला. शेवटची पाकोळी उडाली तसं त्याने गुंफेच्या तोंडावर दुहेरी जाळं ताणलं आणि खिळे ठोकले. पिल्लं आत राहिली.

माद्या पोटभर खाऊन, दूध साठवून परतल्या आणि जाळ्यावर आदळू लागल्या. काहींचे पंख अडकले. आतून पिल्लांचा कालवा ऐकू येत होता. तो आवाज ऐकून हॉल आवरत असलेल्या सुहासिनीबाई बॅटरी घेऊन जाळ्याखालून आत सरपटत गेल्या. बाहेर येऊन त्यांनी प्रल्हादचा दंड धरला.

"अहो, आत पिल्लं आहेत. सगळी भिंत भरलीय. उघडी, गुलाबी पिल्लं."

"असू दे."

"दुधाविना मरतील ती!"

"मरू देत. माझं वाटोळं केलंय यांनी. मी बदला घेणार म्हणजे घेणार."

मी जाळ्यावरच बसले होते. माझाच शब्द त्याच्या तोंडून ऐकला. माझं मन वगैरे काही वितळलं नाही. एवढंच वाटलं की या गावात मला नीट ओळखणारा एकच माणूस आहे, आणि तो हा.

सुहासिनीबाई म्हणाल्या, "आपली आर्या जन्मली तेव्हा काचेच्या पेटीत होती. मला तिच्याजवळ जाऊ देत नव्हते. मी दारावर डोकं आपटत होते, तेव्हा माझे खांदे कोणी धरले होते?"

हातातला हातोडा प्रल्हादने खाली ठेवला नाही आणि उचललाही नाही. तेवढ्यात द्वारका स्वयंपाकघरातून कोयता घेऊन आली आणि तो सुहासिनीबाईंच्या हातात देत म्हणाली, "काप बाय. दोर वरून काप." त्यांनी सपासप जाळं कापलं. प्रल्हादने त्यांना मदत केली नाही, पण अडवलंही नाही. वाट मोकळी होताच माद्या आत घुसल्या, आणि आतला कालवा हळूहळू थांबत गेला. एकेकीला आपापलं पिल्लू सापडत होतं.

मी आत गेले नाही. आत माझं कोणी नव्हतं. फाटक्या जाळ्याला धरून मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने बॅटरी वर केली, मला पाहिलं आणि पुन्हा खाली केली.

आता पाटीवर कान असलेली पाकोळी आहे. आतलं दालन चैत्रापासून आषाढ सरेपर्यंत बंद असतं. गुहादर्शन पावसाळा संपल्यावर, भोजन आणि मुक्काम बाराही महिने. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी पाहुणे दोरीमागे चटयांवर गप्प बसतात आणि आम्ही बाहेर पडताना बघतात. गर्दी होते. प्रल्हादचं बरं चाललं आहे, आणि हे मला अजिबात आवडत नाही. म्हणून रोज बाहेर पडताना मी त्याच्या कानाला पंख घासून जाते. तो दचकतो. पाहुणे हसतात. त्याला मी कोणती ते कळत नाही. पण का, ते कळतं.

मित्रांनो, तुम्हीही गुंफा बघायला जाल, तिथे जेवाल, राहाल. जरूर जा. पण आत पाऊल टाकण्याआधी एकदा विचारा की इथे कोण राहतं आणि त्याला तुम्ही येणं चालेल का. विचारायला वेळ लागत नाही. न विचारता धूर घातलात, तर नंतर कितीही पाट्या बदला, जो जीव गेला तो परत येत नाही, आणि त्याची आई विसरत नाही.

परवा एका पाहुण्या बाईंनी प्रल्हादला विचारलं, "तुम्ही यांना वाचवलंत म्हणे?" नुसती मान हलवली असती तरी त्याचं भागलं असतं. पण तो म्हणाला, "नाही ताई. मी यांची पिल्लं मारली. वाचवलं माझ्या बायकोने." मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत तसाच उभा राहिला.

त्या संध्याकाळी मी त्याच्या डोक्यावरून खूप उंच उडून गेले. काल मात्र पुन्हा त्याच्या कानाजवळूनच गेले.