टिली उठली नाही

माझी बायको ओटिली, सगळ्यांची टिली, सुईण होती. आमच्या डोंगरातल्या काचभट्ट्यांच्या गावात वीस वर्षांत जन्मलेली बहुतेक पोरं तिच्याच हातांवर आली. शिवाय ती नगरपालिकेत सोशल डेमोक्रॅट पक्षाची सभासद होती. आमचे पाच जण निवडून आले होते. एकोणीसशे तेहेतीस सालचा एप्रिल लागला तेव्हा त्यांतले तिघं अटकेत होते. उरले दोघं: टिली आणि लेबरेख्टकाका, एकाहत्तर वर्षांचे, गुडघेदुखीने हैराण झालेले जुने काचकामगार.

त्या मंगळवारी अकरा वाजता सभा होती. विषय एकच, नव्या चॅन्सेलरला, म्हणजे नात्सींच्या पुढाऱ्याला, गावाचं मानद नागरिकत्व द्यायचं. बहुमत नात्सींकडे होतंच. त्यांना हवं होतं एकमत. शेजारच्या गावात एकाने विरोध केला, तर गळ्यात पाटी अडकवून त्याला बाजारभर फिरवलं होतं. आजारी पड, असं मी टिलीला आठवडाभर सांगत होतो. ती ऐकून घ्यायची आणि दुसरंच काहीतरी बोलायची.

मंगळवारी सकाळी सात वाजता दार वाजलं. दारात एगोन राबे, अंगावर नात्सी तुकडीचा तपकिरी गणवेश. हा एगोन चार वर्षं माझ्याच भट्टीवर होता, आमच्याच कामगार संघात होता. गेल्या वर्षी काम सुटलं आणि तो तिकडे गेला. पण त्या सकाळी त्याने टोपी हातात धरली होती. त्याच्या बायकोला, मेताला, कळा सुरू झाल्या होत्या. "टिलीबाई, लगेच चला," तो म्हणाला.

टिलीने पिशवी उचलली आणि निघाली. मला इतकं हायसं वाटलं की मी चिकोरीची कॉफी करून दोन पेले प्यालो. बाळंतपण सोडून सुईण सभेला आली नाही म्हणून तिला कोण बोलणार?

साडेनऊला ती परत आली. हात धुतले, पांढरं पोलकं घातलं, केस नीट केले.

"पहिलटकरीण आहे," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत काही होत नाही. तिची आई आहे जवळ."

"टिली, अगं आयतं कारण मिळालंय तुला. तिथेच बसून राहिली असतीस तर कोणाला कळणार होतं?"

"मला कळलं असतं. तिला आत्ता माझी गरज असती तर हललेच नसते. नाहीये."

मी दारात आडवा उभा राहिलो. तिने माझा हात बाजूला केला, पण हळूच, आणि जिना उतरली. मीही मागोमाग गेलो.

सभागृहात भिंतींना लागून तपकिरी गणवेशवाले उभे होते, जवळजवळ प्रत्येक खुर्चीमागे एक. टिलीच्या मागे नेमका एगोन होता. बायकोला कळा येत असतानाही त्याला हजर राहावं लागलं होतं. मी वर प्रेक्षकांच्या सज्जात होतो, खचाखच गर्दीत. टिली आणि लेबरेख्टकाका शेजारी शेजारी बसले होते. तीन खुर्च्या मोकळ्या होत्या.

अध्यक्षांनी ठराव वाचला आणि म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी उभं राहावं."

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. खाली सगळे उठले. मग सज्जातलेही उठले आणि हात पुढे करून उभे राहिले.

मीही उठलो. हातही वर केला. कोणी मला ढकललं नाही, कोणी माझ्याकडे पाहतही नव्हतं.

खाली दोघं बसलेले होते. तुकडीच्या नायकाने मान हलवली. दोघा जणांनी लेबरेख्टकाकांना बगलांत हात घालून उचललं. म्हाताऱ्याने पाय पोटाशी घेतले, जमिनीला टेकवेनात. भिजलेला कोट दोरीवर लटकावा तसे ते लटकत राहिले, तोंड लालबुंद.

मग नायकाने एगोनकडे पाहिलं. एगोनचे हात टिलीच्या खांद्यांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. टिलीने मान वळवली. ती हळूच बोलली, पण इतकी शांतता होती की वर सज्जात ऐकू आलं.

"एगोन, दुपारी दोनला मला मेताकडे जायचंय. मूल आडवं वाटतंय, फिरवावं लागेल. काय करायचं ते ठरव."

ही गोष्ट ती घरी माझ्याशी बोलली नव्हती. खरं होतं की नव्हतं, मी तिला नंतरही विचारलं नाही. एगोनने हात मागे घेतले.

"ठराव एकमताने मंजूर," अध्यक्ष घाईने म्हणाले.

"एकमत नाही," टिली म्हणाली. "माझा विरोध लिहून घ्या."

कारकुनाने अध्यक्षांकडे पाहिलं आणि लेखणी खाली ठेवली. लगेच तिला बाजूच्या खोलीत नेलं.

आत काय चाललंय ते मला कळत नव्हतं. नुसते चढलेले आवाज येत होते, त्यांतला एक एगोनचा. गावातला डॉक्टर ज्यू होता. त्याला या लोकांनीच मार्चमध्ये पळवून लावलं होतं, आणि दुसरा बारा किलोमीटरवर. दोनच्या सुमारास दोघा गणवेशवाल्यांच्या मधोमध टिली बाहेर आली आणि ते तिला राबेच्या घरी घेऊन गेले. मी समोरच्या बाजूला उभा राहिलो. चार तास. मूल लवकर यावं असं मला वाटेना. आत होती तोवर ती सुखरूप होती.

सहा वाजता रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती. टिली बाह्या दुमडलेलीच बाहेर आली. मी कोट पुढे केला, तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि कात्र्या उकळून ठेवायला सांगितलं. मग ते तिला घेऊन गेले. तिच्या डाव्या दंडाला एगोनने धरलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

एकोणीस दिवस त्यांनी तिला जुन्या वीटभट्टीच्या तळघरात कोंडून ठेवलं. मी रोज पाव घेऊन जायचो, रोज तो परत पाठवायचे. आली तेव्हा पुढचे दोन दात नव्हते आणि डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. सुईणपणाचा परवाना काढून घेतलेला. लेबरेख्टकाकांना त्यांची मुलगी लाइप्झिगला घेऊन गेली.

दोन दिवस आम्ही हवापाण्याचं बोललो. तिसऱ्या दिवशी बटाटे सोलताना मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो.

"टिली, त्या दिवशी सज्जात मी..."

"पाहिलं मी."

मी सुरी खाली ठेवली.

"राग आला होता," ती म्हणाली. "तळघरात सगळ्यात जास्त तुझाच आला. अजून आहे."

"मग मी काय करू?"

"ते मला काय विचारतोस?" तिने एक बटाटा पाण्यात टाकला. "लोहाराच्या सुनेला आठवा लागलाय. पोटात दुखतंय म्हणते. दुपारी मागच्या दाराने येणार आहे. परवाना नाही म्हणून तिला परत पाठवू का?"

परवान्याशिवाय बाईला हात लावताना कोणी पाहिलं असतं, तर पुन्हा तळघर. हे तिलाही माहीत होतं. हो, पाठव, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मी चुलीवर पाणी ठेवलं, मागच्या दाराची कडी काढली आणि पुढच्या खिडकीत जाऊन रस्त्यावर नजर ठेवली.