कोंडाआत्याची खानावळ

मित्रांनो, तुमच्या खिशात आज माझ्याहून चलाख यंत्रं आहेत, म्हणून मला बघून नाक मुरडू नका. मी लातूरच्या कोचिंगच्या गल्लीतला एक जुना संगणक आहे. सध्या एका क्लासच्या जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीला पडलोय. माझं बोलणं जरा कडू लागेल. पण मी जे पाहिलं ते तुम्ही पाहिलं असतं, तर तुम्हीही गोड बोलला नसता.

माझा जन्म कुठे झाला म्हणून विचाराल, तर मला एक असं जन्मगावच नाही. चार ठिकाणांहून आणलेले माझे भाग तय्यबभाईंनी एका दुपारी जोडले आणि मला उभं केलं. तय्यबभाई पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात लोटू लागली, तेव्हा त्यांनी रेडिओ गुंडाळून इंटरनेटचं दुकान टाकलं आणि मला खिडकीजवळ बसवलं. पोरं निकाल बघायला यायची, फॉर्म भरायला यायची. जाताना एकही मला ‘येतो’ म्हणायचा नाही.

रूपाली मात्र वेगळी होती. औशाच्या एका कचेरीत शिपाई असलेल्या साहेबरावांची ही लेक क्लास सुटला की माझ्यासमोर येऊन बसायची. तिचं मूळ गाव भूकंपात सपाट झालं, तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिची आई कोंडाबाई त्यात गेली. रूपालीला दुसऱ्या दिवशी लोकांनी दाराच्या फळीखालून जिवंत काढलं. आईचा एक फोटो होता, तोही घराबरोबर मातीत गेला.

त्या वर्षी टीव्हीवरची जासूस भावंडांची एक मालिका मध्येच बंद पडली. तिच्यावर जीव टाकणाऱ्या पोरांनी एक वेबसाइट धरली आणि ठरवलं, गोष्ट आपणच पुढे लिहायची. आज याने एक भाग लिहायचा, उद्या तिने. नांदेडची सुमय्या होती, अर्धापूरचा अकरम होता, आणखीही होते. एकमेकांचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, चुका तर विचारूच नका, पण जीव ओतून लिहायचे. अकरमने पहिल्याच दिवशी नियम घातला होता, “ज्याचं पात्र त्याचं. दुसऱ्याच्या पात्राला कुणी मारायचं न्हाई.”

रूपालीने गोष्टीत एक नवीन बाई आणली. बसस्टँडजवळ खानावळ चालवणारी कोंडाआत्या. जासूस भावंडं हरली की तिच्याकडे जेवायला यायची आणि ती त्यांना पोटभर शिव्या घालून पोटभर वाढायची. आत्या डावखुरी होती. गंमत सांगायच्या आधी स्वतःच हसत सुटायची. भाकरी थापताना बांगड्या कोपरापर्यंत सारायची. हे सगळं रूपालीला मावशीने सांगितलेलं होतं. आई म्हणून तिच्याजवळ एवढंच होतं, आणि ते तिने माझ्यासमोर बसून एकेक करून गोष्टीत ठेवलं.

कोंडाआत्या लिहून लिहून माझ्या ‘के’च्या बटणावरचं अक्षर पार उडालं. तय्यबभाई हसून म्हणाले, “या ‘के’नं तुझं काय घोडं मारलं गं, बेटा?” आणि आपल्या लेकीची, सदफची, गुलाबी नखपॉलिश आणून त्यांनी ते अक्षर पुन्हा काढलं. त्या दिवसांत मी सुखी होतो, हे कबूल करतो.

कोंडाआत्या कोण, हे रूपालीने फक्त सुमय्याला सांगितलं. सुमय्याने लगेच लिहिलं, “मग ती माझी बी आत्या झाली.” रूपाली त्या दिवशी गुणगुणत घरी गेली.

मग भूकंपाचा स्मरणदिन आला. रूपाली आली, तर सुमय्याचा नवा भाग तिची वाट बघत होता. भागाच्या वर लिहिलं होतं, ‘रूपालीच्या आईला.’ खाली पहाटेची जमीन हलत होती, खानावळ कोसळत होती, आणि झोपलेल्या भावंडांना बाहेर ढकलून कोंडाआत्या आतच गाडली जात होती. त्याखाली कौतुकाची नुसती रांग लागली होती. आजवर त्या गोष्टीला इतकी वाहवा मिळाली नव्हती.

रूपालीने लिहिलं, “काढून टाक ते.”

“अगं, तुझ्यासाठीच तर लिहिलं. सगळे रडून राहिलेत.”

“माझी आई एकदा मेली व्हती, सुमय्या. तू तिला परत मारलीस.”

पलीकडून आलं, “माझं लिहिलेलं कुणाला एवढं कधी आवडलं न्हाई गं. राहू दे ना.”

त्या पोरीच्या मनात पाप नव्हतं, हे मलाही कळतं. पण पाप नसताना केलेला घाव कमी दुखतो, असं मला तरी दिसलं नाही.

रूपालीने डोळे पुसले आणि तिथेच बसून पुढचा भाग लिहिला. दुसऱ्या दिवशी लोक ढिगारा उपसतात आणि कोंडाआत्या दाराच्या फळीखालून शिव्या देतच बाहेर येते. तिने तो आधी सगळ्यांना दाखवला. अकरमने उत्तर दिलं, “दुसऱ्या दिवशी जित्ती? लोक हसतील आपल्याला. असं कुठं होतंय का?” नियमाचं कुणी नावही काढलं नाही. ज्याने केला त्यानेही नाही.

रूपालीने लिहिलं, “होतंय. मी तशीच निघाले.” ते धाडलं मात्र नाही. बघत राहिली आणि एकेक अक्षर पुसून टाकलं. आपला भाग माझ्यात ठेवला आणि उठून गेली. माझ्यासमोर ती परत बसली नाही.

पुढे ती वेबसाइटच बंद पडली. घरोघर मोबाइल आले आणि तय्यबभाईंचं दुकानही बसलं. त्यांनी मला या क्लासला विकलं. इथल्या कारकुनाने, श्रीमंतने, पहिल्याच दिवशी माझं पोट रिकामं केलं. ढिगाऱ्यातून निघालेली कोंडाआत्या तेवढी माझ्यात जिवंत होती, तीही गेली.

काही वर्षांनी क्लासला जीवशास्त्राच्या नव्या मॅडम आल्या. नाव-पत्ता लिहून घ्यायला श्रीमंत माझ्यासमोर बसला आणि मॅडमची नजर गुलाबी ‘के’वर पडली.

“हा तय्यबभाईंचा ना? यात माझं थोडं लिखाण व्हतं.”

“ते कवाच उडवलं, मॅडम. लई कचरा व्हता.” श्रीमंतने विचारलं, “आईचं नाव?”

“कोंडाबाई.”

श्रीमंतने ‘के’ दाबला. लिहिता लिहिता सहज म्हणाला, “औशालाच असत्यात का आई?”

रूपाली म्हणाली, “न्हाई. माझी आई मेली.”

मित्रांनो, तेव्हा रोज माझ्यासमोर बसून तिने आईला हसवलं होतं, शिव्या द्यायला लावलं होतं, जेवायला वाढायला लावलं होतं. ‘माझी आई मेली’ एवढंच, न भांडता, मी तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मला पुसा, झाका, असलं काही मी मागत नाही. माझं काय, उद्या भंगारवाला येईल. पण तुम्ही चारजण मिळून गोष्ट लिहायला बसाल, तेव्हा त्यात कुणी आपलं माणूस आणून ठेवलं असेल, तर त्याला हात लावायच्या आधी त्या पोराला विचारा. टाळ्या नंतर मिळवा.