मोरीतला दगड दर्भावर

"टाचा हायेत का नांगरलेलं वावर. मेथी टाकली तर उगवून येईल यात."

मित्रांनो, ही कुरकूर मी वीस वर्षं रोज सकाळी ऐकली, तीही टाचेला चिकटून. कुरकुरणाऱ्या बाईंचं नाव सिंधुबाई. आणि मी एक जुना दगड आहे. काळा, मुठीएवढा, अंगभर बारीक भोकं पडलेला. देवळातला नव्हे, किल्ल्यातला नव्हे, मोरीतला. टाचा घासायचा. सध्या मी गंगेच्या पाण्याखाली असतो. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. इथं बोलायला वेळच वेळ आहे. तरी ही गोष्ट सांगायला इतकी वर्षं गेली, कारण तिची मला लाज वाटते.

माझा जन्म कसा झाला ते मला आठवत नाही. सिंधुबाईंनी मला उचललं ते मात्र आठवतं. मखमलाबादच्या त्यांच्या मळ्याकडेला एक ओढा होता. तिथं बसून त्यांनी तीन दगड टाचेवर घासून पाहिले, दोन फेकले आणि मला ओच्यात टाकलं. घराच्या मागं, आभाळाखाली, अर्ध्या भिंतीच्या आडोशाला त्यांची मोरी होती. तिच्या कोपऱ्यात मला जागा मिळाली.

मी सगळ्या घराचा होतो. थोरला रंगनाथ सातपूरला कंपनीत जायच्या आधी मला वापरी. धाकटा गोरक्ष भाजीबाजारातून चिखलाचे पाय घेऊन आला की मलाच शोधी. लेक ललिता लग्नाआधी महिनाभर टाचा घाशीत होती, कारण नांदगावची माणसं पाय बघतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. सिंधुबाईंचा अंगठा रोज एकाच जागी टेकायचा. तिथं माझ्या अंगाला हळूहळू एक खळगा पडला, गुळगुळीत, अंगठ्याच्या मापाचा. एकदा शेजारणीनं गुलाबी प्लास्टिकचा ब्रश आणून दाखवला, तर सिंधुबाई म्हणाल्या, "ठिव तुझ्याकडंच. असला दगड साऱ्या नाशकात मिळायचा नाय." दगडाला छाती असती तर त्या दिवशी ती फुगली असती.

मधला मुलगा राजू. त्याची बायको मोहिनी घोटीची. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच राजू रस्त्यावरच्या अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. मोहिनी मागच्या खोलीत राहिली. सासूला ती आत्या म्हणायची.

मग चौऱ्याण्णव साली सिंधुबाईंना झटका आला आणि डावं अंग गेलं. त्या चालेनाशा झाल्या. मला वाटलं, आता आपलं काम संपलं. पण मोहिनी त्यांना रोज दोन्ही काखांत हात घालून मोरीत आणायची, पाटावर बसवायची, ऊन पाणी घालायची आणि शेवटी मला हातात घ्यायची.

"अगं, चालत नाय मी. टाचा कशाला घासती?" सिंधुबाई वाकड्या तोंडानं विचारायच्या.

"असू द्या, आत्या. बरं वाटतं ना?"

"वाटतं."

तीन वर्षं हे चाललं. रंगनाथ मोरीच्या भिंतीपलीकडून विचारायचा, "आई, बरी आहेस ना?" नाकाला रुमाल असायचा. गोरक्ष तेवढंही विचारायचा नाही. ललिता नांदगावहून पेढे घेऊन यायची आणि दारातल्या खुर्चीवर बसून रडायची. वाईट नव्हती हो ती माणसं. त्यांना फक्त म्हाताऱ्या, ओल्या, वास येणाऱ्या अंगाला हात लावता येत नव्हता. शेवटच्या दिवाळीत सगळे जमले होते तेव्हा सिंधुबाईंनी अंगणात बाजेवरून एकेक शब्द जोडत सांगितलं, "मोहिनीला घरातून काढू नका." सगळ्यांनी माना हलवल्या आणि ललितानं चकलीचा डबा फिरवला.

सत्त्याण्णवच्या मार्गशीर्षात त्या गेल्या. अंगणात त्यांना शेवटची आंघोळ घातली, आणि मित्रांनो, काय सांगू. जे हात तीन वर्षं भिंतीपलीकडं होते ते सगळे एकदम आले. कुणी पाणी घाली, कुणी तोंडात तुळस ठेवी. मोहिनी सवयीनं तांब्या घेऊन पुढं आली, तर ललितानं तिच्या हातून तो काढून घेतला. "तू हो बाजूला, वहिनी. लेकीचा मान असतो." टाचा कुणीच घासल्या नाहीत. गेलेल्या माणसाच्या घासत नसतील.

अमरधामच्या स्मशानात चितेभोवती मडकं घेऊन फिरताना ज्या खड्यानं मडक्याला भोक पाडतात त्याला अश्मा म्हणतात. कुणी जीवखडा म्हणतं. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्या खड्यात असतो असं मानतात. म्हणून तो उपरण्याच्या टोकाला बांधून आणायचा, घरात न्यायचा नाही, बाहेर झाडाला टांगायचा, रोज त्यावर पाणी घालायचं आणि दहाव्याला पूजा करून गंगेत सोडायचा.

मंडळी गंगेवर आंघोळ करून ओल्या कपड्यांनी परतली. कडुलिंबाचा पाला चावून झाला. सिंधुबाईंची नणंद शकुबाई पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "रंग्या, जीवखडा कुठंय? लिंबोणीला बांध."

रंगनाथनं उपरण्याचं टोक धरलं. गाठ सुटलेली होती. गंगेत उपरणं पिळताना खडा पाण्यात गेला होता. दहा दिवसांनी जिथं जायचं तिथं तो पहिल्याच दिवशी पोचला होता. असं बिनधास्त सांगता आलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

"पाय धुऊन येतो," रंगनाथ म्हणाला आणि मोरीत आला. उभा राहिला. त्याची नजर माझ्यावर पडली. त्यानं मला उचललं, भोकांमधला साबण नखानं खरवडला आणि पुटपुटला, "माफ कर." हे मला म्हणाला की आईला, ते कळलं नाही. मग उपरण्याच्या टोकात मला गच्च बांधून तो बाहेर गेला.

"जरा थोरला वाटतो," शकुबाई म्हणाली.

"ओला आहे ना," रंगनाथ म्हणाला. पाण्यानं दगड फुगत नाही हे तिथल्या कुणालाच सुचलं नाही.

नऊ दिवस मी लिंबोणीला टांगलेला होतो. संध्याकाळी खाली दिवा. शकुबाई हात जोडून विचारी, "वैनी, जेवलीस का?" लहान पोरं माझ्याखालून वाकून जात. जन्मभर पायाखाली गेलेल्याला लोक नमस्कार करू लागले. आणि लाजेची गोष्ट ही आहे की मला ते आवडलं. पाचव्या दिवशी मी वाट पाहायला लागलो, आज दिवा लावायला उशीर का झाला म्हणून.

नवव्या दिवशी त्याच झाडाखाली गोरक्ष भावाला म्हणाला, "तेरावं झालं की मोहिनी वहिनीला घोटीला तिच्या भावाकडं सोडून येऊ. मागची खोली मोकळी होईल."

"बघू," रंगनाथ म्हणाला. त्यानं वर माझ्याकडं पाहिलं आणि पटकन खाली पाहिलं.

दहाव्याला गंगाघाटावर मला दर्भावर बसवलं. माईक होता. गावातल्या एका पुढाऱ्यानं भाषण केलं, आईची सेवा शिकावी तर या दोन भावांकडून. मोहिनी बायकांच्या शेवटच्या रांगेत डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. मग एकेकानं ओंजळीत तिळाचं पाणी घेऊन माझ्यावर सोडलं.

गोरक्षनं पाणी सोडलं आणि त्याचा हात थांबला. त्यानं खळगा पाहिला. भावाकडं पाहिलं. हात पुसत उठला. ललिता रडत आली, वाकली आणि तिचं रडू मध्येच थांबलं. ज्या दगडानं लग्नाच्या टाचा गुलाबी केल्या तो ओळखू येणार नाही असं कसं होईल? तीही डोळे पुसत उठली. मोहिनीचा नंबर सगळ्यांत शेवटी आला. पाणी सोडताना तिचा अंगठा आपसूक खळग्यात बसला. तिनं मान वर केली, रंगनाथकडं पाहिलं आणि जागेवर जाऊन बसली.

मित्रांनो, चार माणसांना ठाऊक होतं की दर्भावर मोरीतला दगड बसला आहे. चौघंही हात जोडून होती.

पिंड ठेवला. कावळा शिवला म्हणजे गेलेला तृप्त झाला असं धरतात. घाटावर कावळ्यांना काय तोटा. पण त्या दिवशी सहा जणांचे दहावे होते. आमच्या पिंडाकडं कावळे यायचे, मान तिरकी करायचे आणि जायचे. पोट भरलं होतं की आणखी काही, मला सांगता येत नाही. मी मात्र शरमेनं आणखी काळा झालो.

अर्धा तास गेला. इच्छा राहिली असणार, असं म्हणत एकेक जण पुढं येऊ लागला. गोरक्ष म्हणाला, "आई, वणीच्या देवीला सगळे जाऊ." कावळा हलला नाही. ललिता म्हणाली, "आई, तुझ्या गाईला अंतर देणार नाही." शकुबाईनं तर तिचा आवडता सांजा घालायचं कबूल केलं.

"अश्म्याला काही विटाळ-चांडाळ झाला का?" गुरुजींनी विचारलं. उन्हात बसून तेही कंटाळले होते.

मग ललिता म्हणाली, "लिंबोणीखाली झाडायला मोहिनी वहिनीच जायची. हात लागला असेल तिचा."

"मग तेराव्यापर्यंत तरी कशाला ठेवायची?" गोरक्ष खाली बघत म्हणाला. "जीप आहेच. इथूनच घोटीला सोडू."

मोहिनी उठली. पदर नीट केला. तिला एक वाक्य बोलायचं होतं, पण पन्नास माणसांत ते दिरांची अब्रू घेणारं होतं. ती जीपकडं चालू लागली.

दगडाला बोलता आलं असतं तर मी त्याच क्षणी बोललो असतो. ते जमलं नाही म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी म्हातारं असेल तर त्याच्या टाचा कधी बघून ठेवा. भेगा पडल्या असतील तर ऊन पाणी आणा. त्याला श्लोक लागत नाहीत, गुरुजी लागत नाहीत आणि विटाळही होत नाही. नंतर आमच्यासारख्या दगडावर कितीही पाणी ओता, ते गंगेलाच मिळतं.

मोहिनी तिसऱ्या पायरीवर होती तेव्हा रंगनाथ पुढं आला. मुंडन केलेलं त्याचं डोकं उन्हात चमकत होतं. त्यानं मला दर्भावरून उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं तळहातावर धरलं.

"हा अश्मा नाही," तो म्हणाला. "अश्मा माझ्या हातून पहिल्याच दिवशी गंगेत पडला. हा आमच्या मोरीतला दगड आहे. गोरक्षला माहीत आहे, ललिताला माहीत आहे."

गुरुजींनी पोथी मिटली.

"मोहिनी, थांब," रंगनाथ म्हणाला. मग तो जमलेल्या माणसांकडं वळला. "आई जिवंत होती तेव्हा तीन वर्षं आम्ही पोटच्या पोरांनी तिला हात लावला नाही. हिनं लावला. आणि हिला घरातून काढू नका असं आई म्हणाली होती. ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं."