ओट्यावरची खिडकी

"त्यांना सांगा, पाइप आमच्या खोलीत बोटभर जरी आला तरी मी तो उपटून फेकीन," मी चिमणीवाल्याला म्हणाले.

'त्यांना' म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या माझ्यापासून हातभर अंतरावर, खिडकीपलीकडे आपल्या गॅसपाशी उभ्या होत्या. माझा शब्दन् शब्द त्यांना ऐकू गेला होता. पण आम्ही एकमेकींशी बोलत नाही. घराच्या वाटण्या झाल्यापासून जे काय असेल ते तिसऱ्याच्या तोंडून.

"तिला म्हणावं, तुझी खोली काय चाटायचीय आम्हाला?" जाऊबाई चिमणीवाल्याला म्हणाल्या.

तो बिचारा त्यांच्या गॅसवर धूर ओढायची चिमणी बसवायला आलेला, आमच्या बाजूला स्टुलावर चढून टेप लावत होता. कुठून या घरात पाऊल टाकलं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

वाटणीत स्वयंपाकघर थोरल्यांकडे गेलं, मागचा व्हरांडा आमच्याकडे. सासूबाईही आमच्याकडेच आल्या. त्यांच्यासाठी कुणी भांडलं नाही. व्हरांड्याला भिंती घालून आम्ही त्यांची खोली केली. झालं असं, की स्वयंपाकघराची जी खिडकी मोकळ्या हवेत उघडायची, ती आता सासूबाईंच्या खाटेवर उघडायला लागली. आणि जाऊबाईंचा गॅस नेमका त्या खिडकीखाली. कांदा त्यांनी परतायचा, ठसका आम्हाला. त्यांनी काही तळलं की आमच्या भिंतींना तेलाचा थर. सासूबाईंची छाती वाजायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी तो धूर बंद करा, मग मला बोलवा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुम्ही दोघी बघा काय ते. भावासमोर याची वाचा बसते.

पण माझा राग नुसत्या धुराचा नव्हता, खोटं कशाला बोलू? संध्याकाळ झाली की सासूबाई पडल्या पडल्या हुंगायला लागायच्या. "थोरल्याकडे पाहुणे आलेत वाटतं." "आज त्याचं पोट बिघडलंय, नुसता भात लावलाय बघ." तो थोरला भिंतीपलीकडे राहतो, अंगण ओलांडलं की त्याचं दार, पण आईला भेटायला म्हणून त्याचे पाय कधी वळले नाहीत. यांना न्हाऊमाखू मी घालायचं, पांघरुणं मी धुवायची, दोन्ही वेळचं ताट मी हातात द्यायचं, आणि यांचं नाक तिकडे. माझ्या ताटात आज काय आहे, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

चिमणीवाला खाली उतरला. "ताई, गॅस खिडकीखाली आहे ना, तिथेच सगळा घोळ आहे. खिडकीत पंखा बसवला तर धूर सरळ तुमच्याकडे फेकणार. खिडकीसमोर चिमणी टांगली तर पाइप काच कापून काढायचा, तोही तुमच्याकडेच. बिनपाइपची मिळते, पण ती तीच हवा गाळून परत खोलीत सोडते. जाळी तुंबली की शोभेची वस्तू."

"गॅस दुसऱ्या भिंतीला न्या म्हणावं."

"आणि ओटा फोडायला हिचा बाप येणार का, विचारा," पलीकडून आलं.

"मग एकच उरतं," चिमणीवाला दोघींकडे न बघता म्हणाला. "खिडकी विटांनी बुजवायची, त्या भिंतीवर चिमणी ठोकायची आणि पाइप वर छपरातून काढायचा."

"बुजवा," मी म्हणाले.

"बुजवाच," जाऊबाई म्हणाल्या. वाटण्यांनंतर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि दोघींनाही ते आवडलं नाही.

"राहू दे ना ती खिडकी," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "मला नाही होत त्रास."

"रात्रभर खोकता. तुम्हाला होत नसेल, मला होतो."

आमचे आवाज ऐकून थोरले दीर आतून आले आणि बायकोच्या मागे उभे राहिले. "आई," ते तिथूनच म्हणाले, "खिडकी बुजवतोय. चालेल ना?"

सासूबाई कोपरावर उठल्या. त्यांनी नको म्हटलं असतं तर काम तिथेच थांबलं असतं.

"चालेल की," त्या म्हणाल्या. "तू जरा पुढे ये. उजेडात ये, नीट दिसत नाहीस."

ते पुढे आले. सासूबाईंनी त्यांना बघून घेतलं. "वाळलास रे," एवढंच म्हणाल्या. मग ते बाजूला झाले आणि जाऊबाई ओट्यावरची भांडी हलवायला लागल्या.

विटा लागल्या, वर गिलावा झाला. मी भिंती सोड्याने घासून काढल्या, रंग दिला. आठवड्याभरात सासूबाईंचा खोकला बसला आणि डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. मी जिंकले होते.

एका संध्याकाळी ताट घेऊन गेले तर सासूबाई म्हणाल्या, "आज काय केलंय गं?"

मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. "दुधी केलाय," मी म्हणाले. "तुम्हाला चावायला त्रास नको म्हणून मऊ शिजवलाय."

"तुझं नाही विचारलं. तिकडे."

ताट मी खाटेशेजारी आपटलंच. "मला काय माहीत? भिंतीला विचारा."

त्या भांडल्या नाहीत, ताटही सरकवलं नाही. मान वर करून सवयीने एकदा हुंगलं, मग मुकाट्याने घास घेतला. ते काही माझ्याच्याने बघवेना. चपला अडकवल्या आणि अंगण ओलांडून थोरल्यांचं दार वाजवलं.

जाऊबाईंनी दार उघडलं. माझ्याबरोबर आणखी कोण आहे म्हणून त्यांनी माझ्या मागे पाहिलं. कुणीच नव्हतं.

"काय?"

"आज काय केलंय?"

"तुला कशाला?"

"मला? खड्ड्यात गेलं तुमचं जेवण. आई विचारतायत."

त्यांच्या मागे टेबलाशी दीर जेवत होते. त्यांचा हात ताटातच थांबला. वर मात्र त्यांनी पाहिलं नाही.

"मासे," जाऊबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मी परत आले. "मासे केलेत," सासूबाईंना सांगितलं.

त्यांनी तोंडातला घास आधी गिळला. "मग त्याला वेळ लागेल," म्हणाल्या. "काटे काढायचा भारी कंटाळा त्याला. मी काढून द्यायचे."

आणि तिकडे त्याचं जेवण होईल तेवढा वेळ त्या एकेक शीत उचलत, हळूहळू जेवत राहिल्या. मी ताट घ्यायला थांबले होते.